‘चहापाणी’ला कायदा काय म्हणतो?

या वेळचे संपादकीय एका कबुलीने सुरू करतो. गेल्या वर्षी मी दोन हजार रुपये लाच दिली.

त्या वेळी मी तिला लाच म्हणत नव्हतो. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हवा होता आणि दाखल्यावर आमचे आडनाव एका अक्षराने चुकले होते. ‘शेख’ हे नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते, हे तुमच्यापैकी अनेकांना घरच्या कागदांवरून ठाऊक असेल. माझ्या आधारवर एक, दाखल्यावर दुसरे, अब्बांच्या जुन्या रेशनकार्डावर तिसरेच. मी चार वेळा खिडकीवर गेलो. रजिस्टर जुने आहे, शोधावे लागेल, साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. विरारहून रोज लोकलने मुंबईत कामाला जाणाऱ्या माणसासाठी चार फेऱ्या म्हणजे चार रजा. पाचव्या वेळी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकाने हळूच सांगितले, ‘‘भाई, दोन हजार होतील. आतलं चहापाणी धरून.’’ तिसऱ्या दिवशी दुरुस्त दाखला माझ्या हातात होता.

घरी आल्यावर अब्बांनी काम कसे झाले हे विचारले नाही. त्यांनी विचारले, ‘‘कितीला?’’

पुढे काही आठवड्यांनी आमच्या एका बैठकीत हा किस्सा मी हसत हसत सांगितला. बैठकीला आलेल्या वकील मैत्रिणीने एवढेच विचारले, ‘‘पैसे देऊन किती दिवस झाले?’’ मी म्हणालो, तीन आठवडे. ती म्हणाली, ‘‘मग तुझे सात दिवस संपले.’’ मला काही कळले नाही. त्या रात्री मी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा पहिल्यांदा काढून वाचला. तो फार मोठा नाही. एका बैठकीत वाचून होतो. पण त्याच्या पहिल्या पानांवरच्या व्याख्या वाचताना लक्षात आले की, ज्या गोष्टीबद्दल आपण रोज बोलतो, चिडतो आणि विनोद करतो, तिचा कायद्यातला अर्थच आपल्याला माहीत नाही. आपल्याकडे तिला नावे भरपूर आहेत : चहापाणी, खुशी, सेटिंग, वजन, हात ओले करणे. प्रत्येक नाव गुन्हा थोडा झाकते. कायद्याचे शब्द मात्र कोरडे आहेत. त्यांत तीन प्रश्न आहेत. घेणारा कोण, घेतले काय आणि देणाऱ्याचे काय? हे तिन्ही प्रश्न आपण आपल्या अंगणात आणून पाहू.

घेणारा कोण?

कायदा ‘लोकसेवक’ या शब्दापासून सुरू होतो. घेणारा लोकसेवक असेल तर ती लाच. नसेल तर फसवणूक, खंडणी किंवा दुसरे काही असू शकते. पण लोकसेवकाने लाच घेण्याचा गुन्हा तो नव्हे. म्हणून कोणाला लोकसेवक म्हणायचे, यावर देशातल्या मोठमोठ्या न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. त्यांतला सर्वांत गाजलेला वाद आपल्याच कोकणातल्या माणसाच्या नावाने कायद्याच्या पुस्तकात आहे.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. आमच्या लहानपणी घरात त्यांचा फोटो होता. तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणात होते, परवान्यावर मिळायचे. १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये लिहिले की, बिल्डरांना सिमेंटचा कोटा देण्याचा आणि मुख्यमंत्र्यांशी जोडलेल्या न्यासांना, त्यांत ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’लाही, देणग्या मिळण्याचा परस्पर संबंध आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला.

पुढे रामदास नायक यांच्या फौजदारी तक्रारीवर खटला उभा राहिला. अंतुले यांच्या वतीने मुद्दा मांडला गेला : मुख्यमंत्रिपद गेले असले तरी मी अजून आमदार आहे, आमदार हा लोकसेवक आहे, म्हणून माझ्यावर खटला चालवायला त्या पदापुरती वेगळी मंजुरी हवी. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हा मुद्दा फेटाळला. न्यायालय म्हणाले, भारतीय दंड संहितेच्या कलम २१ मधली व्याख्या पाहता आमदार हा लोकसेवक नाही. शिवाय ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सोडले असेल, तर मंजुरीची गरजच नाही.

या निकालाची गंमत पाहा. आमदार लोकसेवक नाही असे ठरल्याने अंतुले यांच्यावरच्या खटल्याचा रस्ता मोकळा झाला. पण त्याच वाक्याने पुढे लाच घेणाऱ्या कोणत्याही आमदाराला म्हणता आले असते की, मी मुळी लोकसेवकच नाही. व्याख्येचे असे असते. एका दाराला कडी लावली की दुसरे उघडे राहते. अंतुले यांचा खटला पुढे कोणत्या न्यायालयात चालावा यावरही सर्वोच्च न्यायालयात वाद झाला आणि १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आधीचा एक आदेश मागे घेतला. त्यांच्याच नावाचा आणखी एक निकाल आरोपीच्या जलद सुनावणीच्या हक्कासाठी आजही वकील दाखवतात. अंतुले दोषी ठरले नाहीत. ते पुढे केंद्रात मंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालयाचे पहिले मंत्रीही झाले.

आपल्या समाजात या प्रकरणाच्या दोनच आठवणी सांगितल्या जातात. एक, ‘आपला माणूस होता म्हणून पाडला’. दुसरी, ‘सगळेच घेतात, हाच सापडला’. दोन्ही वाक्ये मी घरात ऐकली आहेत. दोन्ही वाक्यांत मूळ प्रश्न नाही : सार्वजनिक अधिकार हातात असताना ज्यांचे काम आपल्याकडे अडले आहे त्यांच्याकडून देणगी घ्यावी का, मग ती कितीही चांगल्या कामासाठी असो? हा प्रश्न मुस्लिम नेत्याला विचारला म्हणून तो पक्षपाती ठरत नाही. आणि तो फक्त मुस्लिम नेत्याला विचारला, तर तो न्यायही ठरत नाही.

१९८८ मध्ये संसदेने नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा केला आणि व्याख्या मोठी केली. आता लोकसेवक म्हणजे फक्त सरकारी पगार घेणारा नाही. स्थानिक संस्थेच्या सेवेत किंवा वेतनावर असलेला आहे, आणि ज्याला पदामुळे एखादे सार्वजनिक कर्तव्य करावे लागते तोही आहे. सार्वजनिक कर्तव्य म्हणजे ज्यात शासनाला, जनतेला किंवा समाजाला हितसंबंध आहे असे काम. नेमणूक सरकारने केली आहे की नाही, याने फरक पडत नाही. नेमणुकीत कायदेशीर त्रुटी असली तरी प्रत्यक्ष खुर्चीवर बसलेला माणूस लोकसेवकच. या व्याख्येच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राजस्थानातल्या एका नगरसेवकाला, २०१६ मध्ये खासगी बँकेच्या अधिकाऱ्यांना आणि २०२० मध्ये गुजरातमधल्या एका अभिमत विद्यापीठाच्या विश्वस्ताला या कायद्याखाली आणले.

म्हणजे ‘तो तर कंत्राटी आहे’, ‘तो निवडून आलेला आहे, नोकर थोडाच’ या सबबी पुरेशा नाहीत. खिडकीमागे कोण बसले आहे यापेक्षा तो कोणाचे काम करतो आहे, हे कायदा पाहतो.

इथे आपल्या घरातही डोकावू. १९९५ च्या वक्फ कायद्याचे कलम १०१ सांगते की मुतवल्ली, वक्फच्या व्यवस्थापन समितीचा प्रत्येक सदस्य आणि वक्फमध्ये पद असलेला प्रत्येक जण दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक मानला जाईल. लाचलुचपतीच्या कायद्यातली व्याख्या वेगळी आहे आणि तिथे त्या माणसाचे कर्तव्य काय हे तपासावे लागते. पण मुद्दा समजून घ्या. मशिदीच्या दुकानाचा गाळा नाममात्र भाड्याने देताना टेबलाखालून काही घेणारा माणूस हा ‘समाजाचा अंतर्गत मामला’ नाही. महापालिकेच्या भ्रष्टाचारावर आपण जेवढ्या जोरात बोलतो, तेवढ्याच जोरात इथेही बोलता आले पाहिजे.

घेतले काय?

दुसरी व्याख्या ‘अनुचित लाभ’ या शब्दांची. २०१८ च्या दुरुस्तीने ती आली. कायदेशीर मोबदल्याखेरीज घेतलेला कोणताही लाभ म्हणजे अनुचित लाभ. तो पैशांतच असला पाहिजे असे नाही. पैशांत मोजता आला पाहिजे असेही नाही. मुलाला नोकरी, लग्नाचा हॉल, फ्लॅटवर सवलत, हे सगळे यात येते. सरकारने ठरवलेली फी मात्र यात येत नाही, कारण ती कायदेशीर आहे आणि तिची पावती मिळते.

कायद्याने कलम ७ समजावताना एक उदाहरण दिले आहे. ते वाचून मी थबकलो. एक लोकसेवक एका माणसाकडे पाच हजार रुपये मागतो, कशासाठी? त्याचा रेशनकार्डाचा नेहमीचा अर्ज वेळेत पुढे सरकवण्यासाठी. काम बेकायदा नाही, कोणाचा हक्क मारायचा नाही, खोटा कागद करायचा नाही. तरीही तो गुन्हा. ‘आपलंच काम होतं, चुकीचं थोडंच करून घेतलं’ ही जी समजूत आपण स्वतःला घालतो, तिला कायद्याच्या पानावरच उत्तर दिले आहे. नुसती मागणी हासुद्धा गुन्हा आहे. पैसे स्वतः घेतले की दुसऱ्याच्या हातून, स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी, याने फरक पडत नाही. झेरॉक्सच्या दुकानातला माझा ‘भाई’ही सुटत नाही. लोकसेवकावर गैरमार्गाने किंवा ओळखीने प्रभाव टाकण्यासाठी पैसे घेणाऱ्याला कलम ७-अ आहे. लोकसेवकाला आणि या मध्यस्थाला शिक्षा सारखीच : किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे आणि दंड.

‘पण साहेबांनी मागितले नव्हते, मीच खुशीने मिठाई दिली,’ असे म्हणणारे भेटतात. यावर एक कसोटी आपण लहानपणी दीनियातच्या तासाला ऐकलेली आहे. पैगंबरांनी (स.) जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत आला आणि म्हणाला, एवढे तुमचे, आणि एवढे मला भेट मिळाले. पैगंबरांनी मिंबरवरून लोकांना विचारले की, हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या का? बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. पासपोर्टच्या पडताळणीला घरी आलेल्या माणसाला ‘खुशी’ देताना हाच प्रश्न विचारून पाहा. त्याच्या हातात आपली फाइल नसती, तर आपण त्याला काय दिले असते? आपल्याकडे लाच देणारा आणि घेणारा दोघांनाही दोष दिला आहे, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. खिडकीसमोर उभे राहिल्यावर विसरतो.

काम न करण्याची किंमत

रेशनकार्डाची लाच काम करण्यासाठी असते. वसई-विरारमध्ये जी लाच आपल्याला सर्वांत महाग पडते ती काम न करण्याची. अनधिकृत इमारत उभी राहताना कोणीतरी रोज तिच्यासमोरून जातो. नोटीस काढायची नाही, काढली तर बजावायची नाही, बजावली तर पुढे काही करायचे नाही. कायद्याच्या व्याख्येत हेही बसते. कर्तव्य करण्यापासून स्वतःला रोखण्यासाठी घेतलेला लाभ हाही अनुचित लाभच.

नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती तुम्हाला आठवत असतील. सुमारे ६० एकर जमीन. विकास आराखड्यात ती सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव. खोटे कागद दाखवून तिथे खोल्या विकल्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या इमारती जमीनदोस्त झाल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. रिक्षावाले, फेरीवाले, वसईच्या गाळ्यांत काम करणारे. सगळ्या धर्मांचे, सगळ्या भाषांचे. त्यानंतर सहा महिन्यांनी, २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री, विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. तीही अनधिकृतच इमारत. १७ माणसे गेली.

४१ इमारतींच्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने, म्हणजे ईडीने, महापालिकेच्या नगररचना उपसंचालकांकडे छापे टाकून कोट्यवधींची रोकड आणि दागिने जप्त केले. १३ ऑगस्ट २०२५ रोजी माजी आयुक्त अनिलकुमार पवार यांच्यासह चौघांना अटक झाली. ईडीचा आरोप असा की बांधकामाच्या दर चौरस फुटामागे भाव ठरलेला होता : आयुक्तांसाठी २० ते २५ रुपये, उपसंचालकांसाठी १० रुपये. हा आरोप आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पवार यांची अटकच बेकायदा ठरवली. अटकेच्या वेळी ईडीकडे तिला आधार देईल असे ठोस साहित्य नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे.

तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर होता, ‘सेटिंग झाली.’ मला तसे म्हणायचे नाही. ज्या कायद्याने आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलाला पुराव्याशिवाय उचलू नये असे आपण म्हणतो, तोच कायदा आयुक्तालाही लागू आहे. अटक म्हणजे दोष नव्हे आणि अटक बेकायदा ठरणे म्हणजे निर्दोष सुटणेही नव्हे. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा नसतो. दर चौरस फुटाचा भाव शहरभर सगळ्यांच्या तोंडी असला तरी न्यायालय विचारणार : मागितले कोणी, दिले कोणी, घेतले कोणी?

नीरज दत्ता खटल्यात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच स्पष्ट केले. मागणी आणि स्वीकार या दोन गोष्टी सिद्ध झाल्याशिवाय लाचेचा गुन्हा सिद्ध होत नाही. मात्र तक्रारदार मरण पावला किंवा उलटला तरी परिस्थितीजन्य पुराव्याने त्या सिद्ध करता येतात. म्हणजे कागद, आवाजाची नोंद, साक्षीदार, फाइलीवरच्या तारखा, यांना किंमत आहे. आणि नेमके तेच आपण ठेवत नाही. खोली घेताना आपण बिल्डरच्या ऑफिसातली रंगीत झेरॉक्स पाहतो. महापालिकेत जाऊन बांधकाम परवानगीचा क्रमांक तपासत नाही, माहिती अधिकारात एक अर्ज टाकत नाही. खोलीची किंमत बाजारभावापेक्षा इतकी कमी का, हा प्रश्न मनात येतो आणि आपण तो गिळतो.

देणाऱ्याचे काय?

आता त्या सात दिवसांकडे येतो. २०१८ पूर्वीही लाच देणे हा गुन्ह्याला साथ देण्याचा प्रकार म्हणून शिक्षेला पात्र होते. पण लाच घेणाऱ्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याला कलम २४ चे संरक्षण होते. २६ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते कलम काढले आणि लाच देणे हा थेट, वेगळा गुन्हा केला. सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सूट दोघांना आहे. ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर तो गुन्हेगार नाही. आणि ज्याने आधी यंत्रणेला कळवून, घेणाऱ्याला पकडून देण्यासाठी पैसे दिले, तोही नाही.

त्याच दुरुस्तीने दुसरीकडे काय केले तेही पाहा. पूर्वीच्या कलम १३ मध्ये एक तरतूद होती : लोकसेवकाने सार्वजनिक हित नसताना कोणालाही आर्थिक फायदा मिळवून दिला तर तोही गुन्हा. ती काढली. आता ‘गुन्हेगारी गैरवर्तन’ म्हणजे मुख्यतः दोनच गोष्टी : ताब्यातल्या मालमत्तेचा अपहार, आणि उत्पन्नापेक्षा जास्त संपत्ती. शिवाय कलम १७-अ आले. अधिकाऱ्याच्या शिफारशीची किंवा निर्णयाची चौकशी सुरू करण्याआधी सरकारची पूर्वपरवानगी हवी. यामागचे कारण अगदी खोटे नाही. प्रामाणिक अधिकारी निर्णय घ्यायला घाबरतात, प्रत्येक चुकीच्या निर्णयाला गुन्हा म्हणू नये, हा युक्तिवाद मला समजतो.

तरीही माझे मत सांगतो. एकाच वर्षी मोठ्या खुर्चीभोवतीची व्याख्या सैल झाली आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाभोवतीची घट्ट झाली. कायद्याच्या पुस्तकात दोघे आता बरोबरीने उभे आहेत. प्रत्यक्षात एकाकडे वकील आहे आणि दुसऱ्याला सात दिवसांची मुदतच माहीत नाही. जी मुदत लोकांना माहीत नाही ती त्यांच्यासाठी संरक्षण नसते, उलट सापळा असते. घेणाऱ्याला हे ठाऊक आहे. तो शांत आहे, कारण आठव्या दिवसापासून आपण दोघे एकाच गुन्ह्याचे भागीदार असतो आणि आपण बोलणार नाही याची त्याला खात्री असते.

आपल्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. कागदाची भीती. नावातल्या एका अक्षरावरून उद्या आपल्याला कोणी ‘तू कुठला?’ विचारेल, ही भीती गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत शिरली आहे. अम्मी कागदांची पिशवी गादीखाली ठेवते. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या भीतीचा बाजार झाला आहे, आणि त्या बाजारात आपण गिऱ्हाईक म्हणून उभे आहोत. दोन हजार देऊन दुरुस्त केलेला दाखला मनाला दिलासा देतो खरा. पण तो हक्काने मिळाला आहे असे आपल्यालाच वाटत नाही. पुढच्या कागदाला आपण आपोआप खिसा चाचपतो. आणि जो खिडकीवर गुपचूप देतो, त्याला इमारत कोसळल्यावर मोठ्या आवाजात विचारणे अवघड जाते.

मग करायचे काय?

पहिले, अर्जाची पोच घ्या. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. ती कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. ‘आपले सरकार’वर किंवा खिडकीवर अर्ज केला की क्रमांक मिळाला पाहिजे. मुदत उलटली तर पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

दुसरे, कोणी पैसे मागितले तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा आणि १०६४ वर फोन करा. हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक. ते आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, बहुधा आवाज रेकॉर्ड करून. मग नोटांना पावडर लावून सापळा रचतात. नोटा हाताळणाऱ्याचे हात द्रावणात बुडवले की ते गुलाबी होते. लाच घेताना जागेवर अटक करायला कलम १७-अ ची परवानगी लागत नाही. पासपोर्ट कार्यालय, रेल्वे, पोस्ट अशा केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी मुख्यतः सीबीआय आहे.

तिसरे, देऊन बसला असाल तर दिवस मोजा. भाग पाडून घेतले असेल तर सात दिवसांच्या आत लेखी कळवा आणि पोच घ्या.

चौथे, एकट्याने जाऊ नका. आपल्या मंडळातल्या, मोहल्ल्यातल्या, कॉलेजातल्या दोघांनी-तिघांनी मिळून जा. एकट्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणे सोपे असते.

मला माझे दोन हजार परत मिळणार नाहीत आणि ते सात दिवसही. यंदा भाचीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तोच एजंट, तेच झेरॉक्सचे दुकान. या वेळी मी अर्ज स्वतः भरला, पोच घेतली, एकदा कागद अपुरे म्हणून परत आलो, पुन्हा गेलो, मुदत उलटल्यावर लेखी विचारणा केली. एजंटच्या तीन दिवसांऐवजी जवळजवळ महिना लागला. एक रजा गेली. कोणी हार घातला नाही.

घरी आलो तेव्हा अब्बांनी सवयीने विचारले, ‘‘कितीला?’’ मी त्यांच्या हातात फीची पावती दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि कागदांच्या पिशवीत ठेवली.